झाकण नसलेली टाकी

"ही टाकी साफ कोण करणार, तेवढं सांग. मग बसतो गाडीत."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे विचारलं तेव्हा मी नव्या गाडीच्या पायरीवर उभी होते. बोनेटला झेंडूचा हार घालून झाला होता, गल्लीतल्या बायकांना पेढे वाटून झाले होते. अण्णांनी काठी टेकत गाडीला एक पूर्ण फेरी मारली, मागच्या चाकापाशी थांबले, कमरेत वाकून खाली बघितलं आणि हा प्रश्न टाकला.

"कुणी कशाला करायला पाहिजे?" मी म्हटलं. "नळ सोडला की आपोआप रिकामी होते."

"आन् अडली तर?"

"अडली तर बघू की. मिळतं कुणीतरी."

अण्णा आत गेले, खाटेवर बसले आणि त्या दिवशी पेढ्याला हातसुद्धा लावला नाही. मला राग आला. एवढं सगळं कुणासाठी केलं, आणि यांचं हे असं! पण खरं सांगते, राग त्यांचा नव्हता. माझ्या तोंडून काय निघालं ते मला तेव्हाच कळलं होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं.

गाडी नवी म्हणजे मला नवी. एका शाळेनं जुनी मिनीबस काढून टाकली, ती मी घेतली आणि सहा महिने खपून तिचं घर केलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात कमोड बसवलेलं छोटं बाथरूम. त्याच्याखाली मैल्याची टाकी. मोटारहोम म्हणतात अशा गाडीला. आमच्या गल्लीनं तिचं नाव ठेवलं 'सिस्टरची संडासगाडी'. ठेवू देत. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते मी, असल्या टोमण्यांनी माझं ब्लडप्रेशरसुद्धा हलत नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा पुण्यात, आणि रिटायर झालेल्या बाईनं पोथी वाचत बसावं असं कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असलं तरी मी वाचणार नव्हते.

पण गाडी माझ्या हौसेपोटी नव्हती. अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, करकंबला असते. सोलापूरहून दोन-अडीच तासांचा रस्ता. अण्णांचं वय त्र्याऐंशी, प्रोस्टेटचं दुखणं, दर पाऊण तासाला जावं लागतं. एकदा मोहोळच्या अलीकडं हातापाया पडून एसटी थांबवावी लागली. अण्णा बाभळीच्या आडोशाला जाऊन परत येईपर्यंत अख्खी गाडी खिडक्यांतून बघत होती. त्या दिवसापासून त्यांनी करकंबचं नाव काढलं नाही. सहा वर्षं झाली. आत्याचे गुडघे गेलेले, तिला इकडं येता येत नाही. दोघं फोनवर बोलतात, दोघांनाही नीट ऐकू येत नाही, मग एकमेकांवर ओरडतात आणि फोन ठेवून गप्प बसून राहतात. मला ते बघवत नव्हतं. मुलानं पुण्याहून सुचवलं की डायपर लावून कारनं न्या. अण्णा म्हणाले, "दुसऱ्यानं काढावं लागतं असलं कायबी मी अंगाला लावणार न्हाय." विषय संपला.

असं ते का म्हणाले हे कळायला अण्णा काय काम करत होते ते सांगायला पाहिजे. अण्णा स्टेशनात सफाईला होते. त्या काळी गाड्यांचे संडास खाली उघडेच असत, पडायचं ते सरळ रुळांवर. डब्यात पाटी असायची, गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नये. ती पाटी वाचत वाचत लोक आत जायचे. गाडी हलली की अण्णा खराटा आणि पाण्याचा पाइप घेऊन रुळांत उतरायचे. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ, मग उंबरा. एकदा आम्ही सगळे रेल्वेनं नागपूरला गेलो, तर हे आदल्या दिवसापासून जेवले नाहीत. गाडीत संडासाला जायची वेळ येऊ नये म्हणून. आई वैतागली तेव्हा म्हणाले, "तिकडंबी माझ्यासारखाच कुणीतरी खराटा घेऊन हुभा असंल की." त्याच खराट्यावर माझं नर्सिंग झालं. हे मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगते. ज्याला नाक मुरडायचं त्यानं मुरडावं, नाक त्याचं आहे.

आता टाकीकडं येते. गाडीचं काम मी होटगी रोडच्या एका मिस्त्रीकडं दिलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. माणूस सरळ, कामाला वाघ, पण मोटारहोम त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी मोबाइलवर चित्रं दाखवली. "म्याडम, टेन्शन घेऊ नका की," म्हणाला, आणि मैल्याची टाकी त्यानं पाण्याच्या टँकरची धाकटी बहीण असल्यागत बनवली. स्टीलचा पत्रा, तळ सपाट, बाजूला दीड इंची पाइप, तोही दोनदा काटकोनात वळवून मागच्या बंपरखाली आणलेला, शेवटी साधा नळ. आणि वरून, बाथरूमच्या जमिनीतून उघडेल असं बोल्टचं गोल झाकण, खांद्यापर्यंत हात आत जाईल एवढं. टँकर आतून धुवायला माणूस उतरतो, म्हणून टँकरला झाकण असतं. ते इथंही आलं. त्याला तसं करावंसं वाटलं आणि मला बघून काही खटकलं नाही. मला खटकलं नाही हे जास्त वाईट.

आम्ही पाणी भरून चाचणी घेतली. नळ सोडला, पाणी भळाभळा गेलं. मिस्त्री खूश, मी खूश.

पेढ्यांच्या दिवसानंतर अण्णांचं तोंड बंद करावं म्हणून मी मुद्दाम एक फेरी काढली. दवाखान्यातली एक जुनी मैत्रीण बरोबर घेतली आणि नळदुर्गला दोन दिवस राहून आलो. गाडी झकास चालली. किल्ल्याखाली गाडीत चहा करून प्यायलो, येणारे-जाणारे बघत होते, आम्ही त्यांना हात दाखवत होतो. पण एक गोष्ट आम्ही दोघींनीही केली. सोलापूरच्या बायका आम्ही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात आमचा जन्म गेला. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं पाणी फरशीला. आमच्या हातून पाणी सुटत नाही. कमोडमध्ये आम्ही दर वेळी अर्धा तांब्या पाणी ओतलं आणि वर एकमेकींना सांगितलं, बघ, किती कमी पाण्यात भागतं!

घरी आले. दारापुढच्या ड्रेनेजच्या चेंबरला नळी लावली आणि नळ सोडला. पिवळं पाणी आलं, चार थेंब ठिबकले आणि बंद. नळ पूर्ण उघडा आणि काही नाही. पाणी निघून गेलं होतं, बाकीचं तळाला बसलं होतं, नाहीतर त्या काटकोनात. मे महिन्याचं ऊन. संध्याकाळपर्यंत वासानं शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या आणि मग फटीतून बघत बसली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आमच्या गल्लीची जुनी रीत आहे.

मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "झाकण दिलंय की म्याडम. उघडून हातानं काढायला लागंल. माणूस मिळतो, सांगू का?"

मी म्हटलं, "बघा कुणी मिळतंय का."

हे वाक्य मी बोलले. अण्णांच्या मुलीनं. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते मला घालता येत नाही, आणि घालणारही नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा, वाळलेला. एका हातात बादली आणि लोखंडी गज, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. अण्णा व्हरांड्यात बसले होते. त्यांनी गजाकडं नाही बघितलं, बादलीकडं नाही, त्या पिशवीकडं बघितलं.

"पिशवीत कापडं हायत का?"

"हायत की, काका."

"घरी जाताना घालायची?"

"व्हय."

अण्णा उठले. काठी न घेता उठले. आतून खुर्ची ओढून आणली आणि त्या माणसाला म्हणाले, "बस." तो पायरीवर बसायला लागला तर हाताला धरून खुर्चीवर बसवला. मला म्हणाले, "च्या टाक. आपल्या कपांत." मी चहा केला, तिघांनी घेतला. त्याचं गाव कुठलं, पोरं किती, ही गोष्ट निघाली, टाकीची निघालीच नाही. त्याची दिवसाची मजुरी अण्णांनी दिली, पण बादली जमिनीला टेकू दिली नाही. तो गेला तेव्हा त्याचा चेहरा गोंधळलेला होता. बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

मग अण्णा माझ्याकडं वळले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं.

"मिळतं कुणीतरी म्हणाली हुतीस न्हवं? त्यो कुणीतरी म्हंजी ह्यो. बघून घे. अठ्ठावीस वर्सं त्यो कुणीतरी मी हुतो. तुझ्या आत्याला फोन लाव आन् सांग, मी येत न्हाय."

मी नर्स आहे, रडणं मला परवडलेलं नाही कधी. पण मी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळता विसळता रडले. लाज वाटली म्हणून रडले. आणि कप पालथे घालून झाल्यावर मला चीड आली. स्वतःची, मिस्त्रीची, त्या झाकणाची, सगळ्या जगाची, जिथं टाकी बनवतानाच तिच्यात उतरणारा एक माणूस गृहीत धरलेला असतो. म्हटलं, ठीक आहे. अण्णा करकंबला जाणार. याच गाडीतून जाणार. आणि टाकीला कुणाचा हात लागणार नाही. माझासुद्धा.

आधी जे साठलं होतं ते काढायचं होतं. हात न घालता. बेडपॅन उचलण्यात माझी हयात गेली, मला घाण वाटते असं नाही. पण मी हातमोजे चढवताना अण्णांनी बघितलं आणि नुसती मान हलवली, म्हणून ते काढून ठेवले. टाकीत शंभर लिटर पाणी ओतलं. होय, सोलापुरात, पाणी येऊन तीन दिवस झालेले असताना. शेजारीण बघत होती. मग एक रात्र ते भिजू दिलं आणि सकाळी गाडी काढली. गावातला एकेक खड्डा शोधून त्यातून गाडी घातली. आयुष्यभर ज्या खड्ड्यांना शिव्या दिल्या त्यांनी त्या दिवशी माझं काम केलं. टाकीत ताक घुसळावं तसं घुसळलं. घरी येऊन नळी लावली, नळ सोडला, तर गुडगुड करत सगळं चेंबरमध्ये गेलं. अण्णा खिडकीतून बघत होते. हसले नाहीत, पण खिडकीतून हललेही नाहीत.

त्याच दुपारी मी वही घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसले. "अण्णा, मला शिकवा. टाकी कशी पाहिजे?"

आधी म्हणाले, "मला काय कळतंय." मी म्हटलं, तुमच्याइतकं कुणाला कळतंय ते सांगा, मी त्याच्याकडं जाते. मग बोलायला लागले. एकदा लागले ते लागलेच. एवढं बोलताना मी त्यांना वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. "तळ सपाट नगं. सपाट तळावर घाण बसती, उठत न्हाय. उतार दे, आन् उताराच्या तळाला तोंड. पाइप चार इंची, संडासाचा असतोय तसला. काटकोन नगं. जिथं काटकोन तिथं अडतंय, मी सांगतो. लांब वळण दे. नळ बिळ काय कामाचा न्हाय, निम्मं तोंड त्योच खातोय. सरकती पट्टी लाव, वढली की तोंड सताड. आन् हवेला वाट ठेव वर छतापतूर, हवा आत शिरली न्हाय तर घाण भाईर येत न्हाय." टाकीच्या आत वरच्या बाजूला भोकांचा पाइप बसवायचं माझ्या डोक्यातून निघालं. बाहेरून बागेची नळी जोडली की आत चारी बाजूंनी फवारा. धुणं आतल्या आत, झाकण न उघडता. अण्णांनी चित्राकडं बघून "हं" केलं. अण्णांचं "हं" म्हणजे मोठं सर्टिफिकेट.

वही घेऊन मी वर्कशॉपला गेले. मिस्त्रीनं डोक्याला हात लावला.

"म्याडम, एवढा उतार दिला तर टाकीत माल कमी मावंल की."

"मावू दे कमी. लवकर रिकामी करीन."

"चार इंची पाइप चॅसीत बसवायला सगळं कापायला लागंल."

"कापा."

"असं कोण करतंय का हो? सगळीकडं असंच असतंय, झाकण उघडायचं, माणूस—"

"मिस्त्री," मी म्हटलं, "तो माणूस माझ्या घरी चहा पिऊन गेला. आता दुसरं काहीतरी सांगा."

मिस्त्रीनंही आयुष्यभर हातानंच काम केलं आहे, त्याला समजायला वेळ लागला नाही. पण काम उरकायला पंधरा दिवस लागले. मी रोज जाऊन स्टुलावर बसायचे. कामगार पहिले दोन दिवस बिचकले, मग विसरले. टाकीचं पोट कापलं, पत्रा तिरका घातला, नवं तोंड काढलं, पट्टीचा दांडा गाडीच्या बाजूला बाहेर आणला, म्हणजे गाडीखाली शिरायला नको. सगळं झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "पाणी भरून बघू."

"पान्यानं काय कळतंय?" मागून आवाज आला. "पानी कुणाचंबी ऐकतंय."

अण्णा रिक्षातून उतरत होते. न सांगता, न विचारता, एकटे आले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घमेलं, त्यात म्हशीचं शेण. रिक्षावाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

वर्कशॉपच्या अंगणात खुर्ची टाकून अण्णा बसले. शेण किती, माती किती, पाणी किती हे त्यांनी सांगितलं आणि मी कालवलं. कमोडमधून सगळं आत ओतलं, वर पाणी सोडलं. मग मी दांडा ओढला. सगळं एका दमात यायला लागलं, आणि मध्येच आवाज बदलला. धार बारीक झाली.

"आलं की सगळं," मिस्त्री म्हणाला.

"न्हाय आलं." अण्णा उठले, कसेबसे गुडघ्यावर टेकले आणि काठीच्या मुठीनं पाइपवर ठोकत गेले. टण, टण, टण. टाकीच्या तोंडापाशी आवाज बसला. "हितं. हितं बद्द वाजतंय. आत कायतरी आडवं हाय."

मिस्त्रीनं तोंड खोलून आत बॅटरी मारली. जोड जिथं मारला होता तिथं वेल्डिंगचा एक ओघळ आत लोंबत होता, बोटाएवढा. त्याला शेण आणि वाळकं गवत अडकून बसलं होतं. मिस्त्री अण्णांकडं बघतच राहिला.

"काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता? इंजिनिअर का?"

"घाण काढायच्या खात्यात," अण्णा म्हणाले. "लोकांची."

मिस्त्रीनं ओघळ घासून गुळगुळीत केला, स्वतः बोट फिरवून बघितला. दुसऱ्यांदा कालवलं, ओतलं, दांडा ओढला. या वेळी धार शेवटपर्यंत जाड राहिली, मग फवारा सुरू केला, आणि शेवटी नळीतून जे पाणी आलं ते तांदळाच्या धुवणाइतपत झालं. अण्णांनी पुन्हा ठोकून बघितलं. सगळीकडं सारखं वाजलं.

मला वाटलं, झालं. अण्णांना धरून मी गाडीत चढवलं, बाथरूम दाखवलं. त्यांनी काठीनं जमिनीवरची चटई बाजूला सारली. खाली ते गोल झाकण होतं. मिस्त्रीनं त्याला नवं रबर लावून चकाचक केलं होतं.

"हे कशाला?"

"राहू द्या की काका," मिस्त्री दारातून म्हणाला. "उद्या कधी अडकलंच तर."

"तर काय?"

मिस्त्रीनं वाकून चटई पुन्हा झाकणावर ओढली.

अण्णा कमोडच्या झाकणावर टेकले. त्यांचा एक जोडीदार होता, लहानपणी मी त्याला काका म्हणायचे. जादा काम म्हणून तो एका बंगल्याच्या मैल्याच्या टाकीत उतरला होता आणि वर आला नाही. हे मला माहीत होतं, पण अण्णांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "त्याला कुणी ढकलला न्हवता," अण्णा म्हणाले. "झाकण हुतं. झाकण उघडं दिसलं. कुणीतरी म्हणालं, उतर की जरा. झाकण असलं की कुणीतरी म्हणतंयच. आज तू म्हणणार न्हाईस, मला ठावं हाय. पर उद्या गाडी इकशील, तवा दुसरा कोण म्हणंल." मग मिस्त्रीकडं बघून म्हणाले, "वेल्ड कर ह्याला."

"काका, झाकण बंद केलं आणि टाकी अडकली तर? काहीच करता यायचं नाही. अख्खी टाकी कापून टाकायला लागंल!"

"मग काप. फेकून दे. टाकी नवी मिळती की."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मीच मालकीण, आणि मी शिकलेली. खरं सांगते, क्षणभर मी कचरले. भर रस्त्यात, कुठं आडगावात टाकी तुंबली तर काय, हा विचार आला. आला आणि त्या विचारातच तो कुणीतरी बादली घेऊन उभा दिसला, पिशवीत कपडे घेऊन.

"करा वेल्ड," मी म्हटलं.

"म्याडम, तुम्ही तरी जरा विचार करा. तुम्ही शिकलेल्या—"

"कुणाच्या जिवावर शिकले ते आत बसलंय. करा म्हटलं ना."

त्यानं चष्मा लावला. बाथरूमच्या जमिनीत निळी ठिणगी उडाली. आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो, अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तोल सावरायला. झाकणाचा जोड सगळीकडून भरला, मग मिस्त्रीनं तो घासला. नंतर त्यावरून मी हात फिरवला तर झाकण कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही करकंबला निघालो. मी चालवत होते, अण्णा शेजारी. पहिला पाऊण तास ते पाय जवळ घेऊन बसले. मोहोळ यायच्या आधी म्हणाले, "बाजूला घे." मी रस्त्याकडेला गाडी थांबवली. ते उठले, मागं गेले, आणि बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात चाकावरच्या संडासात ते पहिल्यांदा गेले होते. मग पाणी पडल्याचा आवाज आला. अर्धा तांब्या नव्हे, चांगलं भरपूर. परत येऊन बसले आणि म्हणाले, "चल, हुभी काय राहिलीस?"

आत्या अंगणात बाजेवर बसली होती. अण्णांना बघून रडली, मग एवढी वर्षं आला नाहीस म्हणून भांडली, मग पुन्हा रडली. या वेळी दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं, कारण जवळ बसले होते. जेवणं झाली. दुपारी मी आत्याला गाडी दाखवायला नेलं. अण्णांनी आणि मी दोन बाजूंनी धरून तिला वर चढवली. तिनं पलंगावर बसून बघितलं, शेगडी पेटवून बघितली. मग बाथरूमचं दार उघडलं तेव्हा ती लाजली. तिच्या घरचा संडास परसाच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा, तिला गुडघ्यांनी तिथवर जाणं म्हणजे शिक्षा. म्हटलं, "आत्या, जाऊन ये की. खुर्चीसारखं आहे, बस."

ती आत डोकावली. कमोडकडं बघितलं, खालच्या जमिनीकडं बघितलं, आणि तिथंच अडली. दाराची चौकट धरून अण्णांकडं वळली. तीही त्याच घरात वाढलेली होती.

"दादा," ती म्हणाली, "पर हे नंतर काढणार कोण?"

"कुणी न्हाय," अण्णा म्हणाले. "आत हात घालायला टाकीला जागाच ठिवली न्हाय. जा तू बिनघोर."

आत्यानं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग चौकट सोडली, आत गेली आणि दार लावून घेतलं.